मिशनच्या बंद शाळा

चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) स्कॉटिश मिशनवर अलेक्स वुड यांनी १९०६ मध्ये पुस्तक लिहिलं. पण ते मिशनऱ्याच्या नजरेतून. तिथे शिकलेल्यांचं म्हणणं कुठे आहे? बंद पडलेल्या मिशन संस्थांवरचा हा अंक त्याच शोधातून निघाला.

मुखपृष्ठकथा नाशिकच्या शरणपूरची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे अक्षरं आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातल्याच जेकब वेनराइटने शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याचं नाव आफ्रिकेत झाडावर कोरलं आणि १८७४ मध्ये त्याचं पार्थिव लंडनला पोहोचवलं. इमारतींपेक्षा अशा विद्यार्थ्यांना आम्ही जास्त पानं दिली आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वाचकांनो, घरातल्या ट्रंकेत आजी-आजोबांचा मिशन शाळेचा दाखला, वर्गाचा फोटो असेल तर आम्हाला जरूर कळवा. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.