पाठ झालेले आणि कळलेले

गेल्या रविवारी मिस्सानंतर एक तरुण आमच्याकडे आला. संगणकाच्या ‘जावा’ भाषेची ओरॅकल कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा त्याला द्यावयाची आहे. शुल्काचे पैसे आईने शिवणकामातून साठविलेले. फुटलेल्या प्रश्नांचा उत्तरांसह एक गठ्ठा मित्राने त्याला पाठविला होता. “फादर, हे पाठ केले तर पाप का?” आम्ही म्हणालो, “आधी त्यातला एक प्रश्न आम्हांस समजावून सांग पाहू.”

प्रश्न असा: ‘इंटिजर’ जातीच्या दोन वस्तू, दोहोंना थेट १२७ ही संख्या दिलेली. दुहेरी बरोबरीच्या चिन्हाने तुलना केल्यास उत्तर ‘खरे’. “आणि १२८ घातले तर?” “तेच, फादर.” त्याने संगणकावर चालवून पाहिले. उत्तर आले ‘खोटे’!

कारण शोधण्यात अर्धा तास गेला. उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या वस्तू जावा तयार ठेविते आणि मागेल त्यास तीच देते. त्यापुढे सामान्यतः नवी घडविते. ते चिन्ह येथे मूल्य पाहत नाही, वस्तू एकच आहे की नाही एवढेच पाहते. मूल्य ताडण्यासाठी ‘इक्वल्स’ वापरावे लागते. एखाद्या पतपेढीच्या हिशेबात ही चूक शिरली, तर लहान आकडे जुळतील आणि मोठे फसतील.

या परीक्षेत पुष्कळदा छोटा उतारा देऊन ‘काय छापले जाईल?’ असे विचारतात. ‘हा उतारा चालणारच नाही’ हेही उत्तर असू शकते. म्हणून रोज थोडे उतारे घ्यावे, यंत्र बंद ठेवून पेन्सिलीने उत्तर लिहावे, मग चालवून पाहावे आणि चुकीचे कारण वहीत टिपावे. आवृत्तीही पाहावी. २०१४ च्या आठव्या आवृत्तीचे पुस्तक २०२१ च्या सतराव्या आवृत्तीच्या परीक्षेस पुरत नाही.

राहिला पापाचा प्रश्न. प्रमाणपत्र ही साक्ष आहे: ‘हे काम मला येते.’ येत नसता दिलेली साक्ष खोटीच. फुटलेले प्रश्न वापरल्याचे आढळल्यास कंपनी प्रमाणपत्र रद्दही करू शकते.

तरुणाने परीक्षा पुढे ढकलण्याचे ठरविले. आईला काय सांगावे, ही त्याची चिंता. आम्ही म्हणालो, “खरे तेच सांग. चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालावी लागते, हे तिला तुझ्याआमच्याहून अधिक ठाऊक आहे.”