मोठे होणारे शोभेचे मासे व त्यांच्या टाकीचें माप

हल्लीं शेतीला जोडधंदा म्हणून शोभेच्या माशांची पैदास करण्याकडे आमच्या कित्येक शेतकरी बंधूंचें लक्ष वेधलें आहे. सन २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत या धंद्यास साहाय्य मिळण्याची तरतूद असल्यामुळें त्याविषयींची चौकशीही वाढली आहे. धंदा चांगला आहे, थोड्या जागेंत व थोड्या पाण्यांत होण्यासारखा आहे. त्याविरुद्ध आम्हांस कांहींएक म्हणावयाचें नाहीं. परंतु त्यांत एक अनिष्ट चाल शिरली आहे, तिच्याविषयीं मात्र स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. ती चाल अशी कीं, गिऱ्हाइकास माशाचें आजचें माप दाखवावयाचें आणि पूर्ण वाढीचें माप सांगावयाचें नाहीं.

शहरांतील दुकानांतून ‘शार्क’ या नांवानें दोन-तीन इंचांचीं, रुपेरी, चपळ पिलें विकलीं जातात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी आणि तींत हीं चार-सहा पिलें, असा संसार बहुतेक घरीं थाटला जातो. आतां हा शार्क म्हणजे दुसरें तिसरें कोणी नसून आपल्या शेततळ्यांतला पंगस होय. मेकाँग व चाओ फ्राया या नद्यांचा हा रहिवासी चांगलें खाद्य मिळाल्यास आठ-दहा महिन्यांत किलोभर सहज भरतो, हें ज्यांनीं तो वाढविला आहे त्यांस आम्हीं सांगावयास नको. तो चार फुटांहून लांब व चाळीस किलोंहून जड झाल्याची नोंद आहे. शिवाय हा मासा थव्यानें राहणारा व मोठा भित्रा. दार वाजलें, दिवा लागला, कीं तो उधळतो आणि काचेवर आदळून तोंड फोडून घेतो. रूपचंदाचा प्रकार याहून फार निराळा नाहीं. दक्षिण अमेरिकेंतला हा मासा तळ्यांत वजनासाठीं वाढवितात आणि त्याचींच तांबड्या पोटाचीं पिलें काचेच्या टाकीसाठीं खपतात. त्याची लांबी अडीच फुटांपलीकडे जाऊं शकते. जो मासा शेतकरी किलोवर विकतो तोच दुकानदार नगावर विकतो, एवढाच काय तो भेद. आणि हा भेद माशास ठाऊक नसतो!

यावर एक ठराविक उत्तर मिळतें. ‘मासा टाकी पाहून वाढतो, टाकी लहान असली तर तोही लहानच राहतो.’ ही समजूत सुशिक्षित मंडळींतही खोल रुजली आहे. त्यांतला खरा प्रकार असा. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यांत सोडीत असतो. फिल्टरमधील उपयुक्त जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. पाणी थोडें व मासा मोठा असला म्हणजे हें विष जंतूंना आवरत नाहीं, नायट्रेटही सांचत जातें, आणि मासा खुरटतो. त्याचा कणा वांकतो, भूक मंदावते, आयुष्य घटतें. हें खुरटणें म्हणजे रोग होय, जुळवून घेणें नव्हे. आंब्याचें रोप लहान कुंडींत कोंडलें तर तेंही खुजेंच राहतें, पण त्यास कोणी आंब्याची लहान जात म्हणत नाहीं. हापुसाचें कलम लावतांना आज तें हातभर आहे म्हणून दुसरें कलम हातभर अंतरावर आपण लावतों काय? जुन्या पद्धतीच्या बागेंत दहा-दहा मीटर जागा सोडतात, ती उद्यांच्या झाडासाठीं. माशाच्या बाबतींत हाच हिशेब आपण कां विसरावा, तें कळत नाहीं.

दुसरा एक नियम परदेशी पुस्तकांतून इकडे आला आहे. माशाच्या लांबीच्या दर इंचास एक गॅलन, म्हणजे सुमारें पावणेचार लिटर पाणी. लहान माशांपुरता हा अंदाज चालतो. मोठ्यांस तो लावणें म्हणजे शुद्ध फसगत आहे. एक इंचाचे दहा मासे व दहा इंचांचा एक मासा यांस हा नियम सारखेंच पाणी देतो. पण अंगाची ठेवण तीच राहून लांबी दहापट झाली तर वजन हजारपट होतें. म्हणजे तो एकटा मासा त्या दहांच्या मिळून शंभरपट भरतो, व त्याच मानानें खातो आणि पाणी नासवितो.

आमचें मत असें कीं, माप धरावयाचें तें पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीवरून धरावें. टाकीची लांबी त्या लांबीच्या निदान चौपट व रुंदी दुप्पट असावी, म्हणजे माशास अंग न मुडपतां वळतां येईल. उंचीस आम्ही तितकें महत्त्व देत नाहीं. हवा पाण्यांत शिरते ती पृष्ठभागावरून, आणि काचेवरील दाब वाढतो तो उंचीबरोबर. म्हणून उंच टाकीस जाड काच लागून खर्च वाढतो व माशाचा लाभ थोडाच होतो. ऑस्कर मासा घ्या. तो पहिल्या वर्षांत महिन्यास सुमारें इंचभर वाढून फूटभर होतो. त्या एका माशास चार फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच टाकी हवी. ही झाली १२ घनफूट, म्हणजे ३४० लिटर. एवढ्या पाण्याचें वजनच ३४० किलो. काच, वाळू व घडवंची धरून चार क्विंटलांच्या घरांत जाईल. तेव्हां टाकी कोठें ठेवावयाची, तेथील जमीन कशी आहे, हें मासा घेण्यापूर्वीं पाहावें. ‘आज लहान टाकी घेऊं, पुढें मोठी आणूं’ असें म्हणणाऱ्यास सहा महिन्यांतच दोनदां पैसे मोजावे लागतात, आणि पुष्कळदां दुसरी टाकी येतच नाहीं.

याच हिशेबानें तीन फुटांच्या पंगसास बारा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट खोल जागा, म्हणजे सहा हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल; आणि तो एकटा सुखानें राहत नाहीं हें वर सांगितलेंच आहे. ॲमेझॉनचा रेडटेल कॅटफिश तर चार फुटांचा होतो व तोंडांत मावेल तो सोबती गिळतो. असे मासे घरांतल्या टाकीचे नव्हतच, मग टाकी कितीही किंमतीची असो. ज्यांस मोठे मासे ठेवण्याची हौसच आहे, त्यांनीं विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदांत कोई कार्प ठेवावे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट खोल हौदांत ५,१०० लिटर पाणी राहतें. त्यांत दोन फुटांपर्यंत वाढणारे चार-पांच कोई चांगले राहतील. निफाडकडील थंडी ते सोसतात. उष्ण प्रदेशांतले पंगस व रूपचंद तींत हैराण होतात. हौदावर जाळी मात्र हवी, कारण मोठे मासे उडी मारतात.

टाकींत न मावणाऱ्या माशाचें पुढें काय होतें? मारवत नाहीं म्हणून लोक तो नदींत किंवा तलावांत सोडतात, आणि आपण भूतदया केली असें समजतात. टाकीचें शेवाळ खातो म्हणून चार इंचांचा विकला जाणारा सकर मासा दीड फुटाचा होतो. उजनीच्या जलाशयांत तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊं लागला असून त्याच्या कांटेरी परांनीं जाळीं फाटतात. मे २०२३ मध्यें श्रीनगरच्या दल सरोवरांत उत्तर अमेरिकेंतला ॲलिगेटर गार सांपडला. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर केरळांतील चालक्कुडी नदींत दक्षिण अमेरिकेचा अरापैमा मिळाला. तो पाळणाऱ्यांच्या तळ्यांतून पुराबरोबर निसटलेला होता. नुकसान कोणाचें, तर ज्याचें पोट त्या पाण्यावर आहे त्याचें.

म्हणून पिलें तयार करून विकणाऱ्या आमच्या सभासदांकडे आमचें मागणें आहे. मासा किती वाढतो हें दुकानदारास ठाऊक नसेल, तुम्हांस आहे. प्रत्येक पिशवीबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तींत माशाचें नांव, पूर्ण वाढीची लांबी, ती किती काळांत होते आणि टाकीचें माप लिहावें. ज्याच्या घरीं दोन फुटांची टाकी आहे त्यास गप्पी किंवा मॉली द्यावे; त्यांची पैदास सोपी असते व गिऱ्हाईकही पुन्हां येतें. यानें विक्री कमी होईल असें कांहीं जण म्हणतील. पहिल्या हंगामांत थोडी होईलही. परंतु ज्याचे मासे सहा महिन्यांत मेले तो पुन्हां मासे घेत नाहीं, हाही तोटाच आहे. वाढलेला मासा कोणी परत आणल्यास तो घ्यावा. त्यास आधीं कांहीं दिवस निराळ्या हौदांत ठेवून रोग नाहीं असें पाहावें आणि मगच शेततळ्यांत सोडावा. मात्र ज्या तळ्याचें पाणी पावसाळ्यांत सांडव्यावाटे ओढ्यास मिळतें, त्यांत सोडूं नये.