बोलक्या मुलीला ऐकण्याचा कोर्स कशाला?



बारावीचा निकाल लागला की आमच्या केंद्रावर मुलींची रीघ लागते. गेल्या वर्षी त्यांत नंदा होती (नाव बदललं आहे). आठवीपासून तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धा जिंकणारी. पत्र्याच्या घरात फळीवर चषक ओळीनं मांडलेले. आमच्या ८ मार्चच्या मेळाव्याचं सूत्रसंचालन दोन वर्षं तिनंच केलं होतं. तिचा प्रश्न साधा होता, ‘‘ताई, मला बोलायला आवडतं. मी पुढं काय शिकू?’’

घरच्यांची उत्तरं तयार होती. आई म्हणाली, डी.एड. कर, मास्तरीण हो, घरही सांभाळता येईल. काका म्हणाले, बाहेरून बी.ए. कर, तोवर स्थळं बघू. वडील म्हणाले, वकिली सोडून काहीही. कोर्टात भांडणाऱ्या पोरीला कोण करून घेणार?

आणि मी? एम.एस.डब्ल्यू. केलेली, बारा वर्षं बायकांच्या केसेस हाताळणारी मी म्हणाले, ‘‘मानसशास्त्र घे. समुपदेशक हो.’’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, मला बोलायला आवडतं. तुम्ही मला ऐकायचा कोर्स का सांगता?’’

समुपदेशनाचं काम कमी दर्जाचं नाही. मी ते रोज करते. पण नंदाच्या जागी तिचा भाऊ असता तर मी हेच सांगितलं असतं का? नसतं.

बोलका मुलगा दिसला की गाव म्हणतं, हा पुढारी होणार, वकील होणार. बोलक्या मुलीचं कौतुक ती लहान असेपर्यंतच. वयात आली की ती फटकळ होते, वर तोंड करून बोलणारी होते. मग तिच्या बोलण्याला निरुपद्रवी कामं शोधली जातात: मुलांना शिकवणं, पाहुण्यांचं स्वागत करणं, दुःखी माणसाची समजूत घालणं. जाब विचारणारं बोलणं मुलग्यांसाठी राखून ठेवलेलं असतं.

स्पर्धांचंही तेच. विषय शाळा देते, भाषण बहुतेक वेळा सर लिहून देतात, पोर पाठ करते. नंदा स्त्रीभ्रूणहत्येवर बोलली तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी टाळ्या वाजवल्या. तिनंच ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा खर्च विचारला तेव्हा तीच मंडळी म्हणाली, ‘‘तू आधी शिकायचं बघ.’’ ती शिकायचंच बघत होती. आपणच तिला वाट दाखवत नव्हतो.

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्तानं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं जाब विचारला तो धर्माच्या ठेकेदारांना. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून वकिलीतली आडकाठी देशभर कायद्यानं दूर झाली ती १९२३ साली. एकतीस वर्षं! तो दरवाजा आज उघडा आहे. तो आता घरातूनच लावून घेतला जातो.

मग नंदानं काय शिकावं? माझ्या मते, ‘बोलायला कुठं मिळेल?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवं ते असं: तुला कशाबद्दल बोलायचं आहे, आणि तुझं बोलणं कुठं नोंदलं जाईल? कोर्टात बोललेलं कागदावर उतरतं. अंदाजपत्रक वाचता येणाऱ्या बाईला ग्रामसभेत उडवून लावणं अवघड असतं. म्हणून कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. बातमीदारी करायची असली तरी हे विषय आधी हवेत. नुसत्या वक्तृत्वावर वकील होता येत नाही. फाइली वाचाव्या लागतात, आणि सुरुवातीची वर्षं कमाई फार थोडी असते. हे मुलीला स्पष्ट सांगावं, पण घाबरवण्यासाठी नव्हे.

पंचायतींमध्ये १९९२ च्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. तरी कित्येक ठिकाणी खुर्चीवर बाई असते आणि बोलतो तिचा नवरा. त्या खुर्च्यांना नंदासारख्या मुली हव्या आहेत.

आता आपल्या चुकीबद्दल. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेतून जाता येतं. पण त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. नंदाला हे कुणीच सांगितलं नाही. मीही नाही. निकाल हातात घेऊन ती आली तेव्हा मुदत संपून गेली होती. तालुका आणि जिल्हा कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं, तिथं तिच्या मराठीचं चीज होईल, हेही आम्ही बोललो नव्हतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. पण फी माफ झाली म्हणून शहरातली खोली आणि खानावळ फुकट मिळत नाही. घरचे अडतात ते तिथंच.

आपण ८ मार्चला मुलीच्या हातात माईक देतो, गुलाबाचं फूल देतो, फोटो काढतो. तिचा फॉर्म भरायच्या दिवशी आपण कुठं असतो?

म्हणून प्रत्येक गटानं एवढं करावं. बारावीच्या दिवाळीतच बोलक्या मुलींच्या घरी जावं. आईबरोबर वडिलांशी आणि काकांशीही बोलावं. फॉर्मच्या तारखा लिहून द्याव्यात. राहण्याची सोय गटानं शोधावी. आणि भाषणं मुलींना स्वतः लिहू द्यावीत.

नंदानं राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घेतला आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा कायदा करायचा, असं तिनं ठरवलंय. वडील अजून ‘बघू’ म्हणतात. मागच्या ग्रामसभेत तिनं टाकीच्या खर्चाचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी लेखी, आणि अर्जाची पोच घेतली.

या वेळी आम्ही आठजणी तिच्या मागं बसलो होतो.