गाडी विकली, नाव मात्र आपलेच!



आमच्या खापरच्या घरी पूर्वी एक जुनी मारुती ओम्नी होती. आठवडाभर ती दारात उभी असायची. सुटीच्या दिवशी शेजारपाजारची पोरे भरायची आणि तोरणमाळच्या यशवंत तलावाकडे निघायचे, एवढेच तिचे काम. पुढे मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढला, दुरुस्ती झेपेना, म्हणून आम्ही ती विकून टाकली. गिऱ्हाईक सीमेपलीकडचे, गुजरातचे. बोलणे गोड, पैसे रोख. स्टॅम्पपेपरवर दोन सह्या झाल्या, चहा झाला आणि गाडी अंकलेश्वरच्या रस्त्याला लागली. मुले रडली, आम्ही मात्र सुटलो असे समजलो.

दीड वर्षाने पोस्टमनने न्यायालयाची नोटीस आणून दिली. त्या गाडीने एका मोटारसायकलवाल्याला उडवले होते, आणि भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून आमचे नाव होते! त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आमचे नशीब इतकेच की, अपघात झाला त्या दिवशी आम्हीच भरलेल्या विम्याची मुदत दोन महिने बाकी होती. त्या दोन महिन्यांनी आमचे घर वाचवले. तरीही तारखांना जाणे, वकील, बुडालेली मजुरी हे सारे आम्ही भोगले.

बाजारात बैल विकला, दावे दुसऱ्याच्या हाती दिले, पावती फाडली की व्यवहार संपतो. गाडीचे तसे नाही. मोटार वाहन कायदा 1988 नुसार सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार खटल्यात हेच सांगितले. त्यातली गाडी एकामागून एक अनेक हात फिरली होती, पण नोंद कोणीच बदलली नव्हती. भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच आली. स्टॅम्पपेपर हा दोघांमधला करार आहे. त्याने सरकारी नोंद बदलत नाही.

मग करायचे काय? विकणाऱ्याने नमुना 29 भरून परिवहन कार्यालयाला कळवायचे. एकाच राज्यात विक्री असेल तर मुदत 14 दिवस. नाव बदलण्याचा अर्ज नमुना 30 मध्ये, त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचा दाखला घेऊन नमुना 35 ने बोजा उतरवावा. थकलेले ई-चलान भरून टाकावे.

आपल्या अक्कलकुवा भागात गिऱ्हाईक बहुधा सागबारा-डेडियापाड्याकडचे असते. तिथे आणखी एक कागद लागतो. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाकडून नमुना 28 वर ना-हरकत दाखला घ्यावा. अशा विक्रीची खबर देण्याची मुदत 45 दिवसांची आहे. "दाखल्याचे नंतर पाहू" असे गिऱ्हाईक म्हणाले, तर "गाडीही नंतरच न्या" असे आपण म्हणावे. यात लाजायचे काही नाही.

गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला देत असाल तर तो नोंदणीकृत आहे का, हे विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे अशा दुकानदाराला गाडी दिल्याची नोंद नमुना 29सी मध्ये होते, आणि त्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. नोंद नसलेल्या दलालाला कोऱ्या कागदावर सही करून देणे म्हणजे विहिरीत उडी घेणे होय.

आता पैशाविषयी. मोबाईलवर जाहिरात टाकली की, "मी लष्करात आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असे फोन येतात. हे पक्के ध्यानात ठेवा: पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसगत झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. रोख घेणार असाल तर व्यवहार बँकेतच करा. नोटा तिथेच मोजून, तपासून घ्या.

गाडी दाखवायची ती दिवसाउजेडी, चार माणसांत. चालवून पाहायची असेल तर आधी लायसन्स पाहावे आणि स्वतः शेजारी बसावे. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मूळ कागद आणि दुसरी किल्ली हातची सोडू नये. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून पावती करावी, गिऱ्हाईकाच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, गाडीसोबत त्याचा फोटो काढावा. फास्टॅग बंद करावा. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

आपणही खरे बोलावे. इंजिन तेल पीत असेल, गाडी ठोकलेली असेल, तर ते सांगून विकावी. चार पैसे कमी मिळतील, पण पलीकडेही आपल्यासारखेच कष्टाचे पैसे मोजणारे एखादे कुटुंब असते.

आणि ज्यांनी पूर्वीच गाडी किंवा मोटारसायकल विकली आहे, त्यांनी आजच शिकलेल्या मुला-मुलीला शेजारी बसवावे आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. अजून आपलेच नाव दिसत असेल तर विक्रीच्या कागदांसह परिवहन कार्यालयात जावे. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आमच्याकडे ती पोच नव्हती. तुमच्याकडे असावी, म्हणून हे लिहिले.