तोंड आलंय? मग तळहातही बघा

दोन-अडीच वर्षांचं पोर तापानं कणकणतं, लाळ गाळतं आणि घास तोंडाशी नेला की भोकाड पसरतं. घरातली जाणती माणसं सांगतात, ‘उष्णता झालीय, तोंड आलंय.’ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळहातावर, तळपायावर लाल ठिपके उठतात आणि तीच माणसं म्हणतात, ‘कांजिण्या दिसतात.’ वैराग काय किंवा बार्शी काय, निदान बहुधा असंच ओट्यावर होतं. अनेकदा ते चुकतं; तो हात-पाय-तोंडाचा आजार असतो.

कांजिण्यांचे फोड आधी पोटा-पाठीवर येतात, फार खाजतात, नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात. हात-पाय-तोंडाच्या आजारात ते तळहात, तळपाय, कुल्ले आणि गुडघ्यांवर असतात; जिभेवर, गालाच्या आत जखमा होतात. म्हणून तापलेल्या पोराचं तोंड बॅटरीच्या उजेडात बघावं, मुठी उघडून बघाव्यात. त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही.

नाव ऐकून गोठ्यातली लाळ-खुरकूत आठवते, पण त्याचा इथे संबंध नाही. तो विषाणू वेगळा. पोरांना होणारा आजार बहुतेकदा कॉक्सॅकी विषाणूमुळे होतो, तो माणसाकडूनच माणसाला लागतो. 2022 मध्ये केरळात लहान मुलांच्या अंगावर लाल फोड उठले, तेव्हा ‘टोमॅटो फ्लू’ नावानं देशभर घबराट उडाली. तपासाअंती तो हाच जुना आजार निघाला.

यावर खास औषध नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी ‘एक सुई टोचा’ हा आग्रह सुटत नाही आणि काही दवाखाने तो मोडतही नाहीत. हे थांबायला हवं. तापाला वजनाच्या मापानं पॅरासिटामॉल, तोंडाला झोंबणार नाही अशी गार पेज, थंड दूध, आंबट नसलेलं ताक. ॲस्पिरिन मुळीच नको. सात ते दहा दिवसांत पोर बरं होतं. काही आठवड्यांनी एखादं नख गळून पडलं तर भिऊ नये, नवं येतं.

पहिला आठवडा लागण जास्त पसरते; केंद्राच्या 2022 च्या सूचनेत पाच ते सात दिवस वेगळं ठेवायला सांगितलं होतं. घरी ठेवा म्हणणं सोपं आहे, पण खुरपणीला जाणाऱ्या आईचा रोज बुडतो, म्हणून आजारी पोरही अंगणवाडीत जातं. त्यामुळे अंगणवाडीत कोणाच्या पोराला झालंय हे लपवू नये; ताईंनीही बोट दाखवण्याऐवजी सगळ्यांचे हात साबणानं धुऊन घ्यावेत. विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडतो आणि सॅनिटायझर त्याच्यापुढे साबणाइतकं चालत नाही.

मात्र आठ तासांत लघवी झाली नाही, ताप तीन दिवसांपुढे गेला, पोर सुस्त पडलं, दचकू लागलं किंवा सारखं ओकू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच बार्शी किंवा सोलापूर गाठा.