वाद्य जिथं, दुरुस्ती तिथंच

मे महिन्यात माझ्या नातीची गिटार खरखरू लागली. जाड तार छेडली की आत पत्रा थरथरल्यासारखा आवाज यायचा. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराला फोन केला. त्यानं वाद्य न बघताच सांगितलं, "दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीन घ्या." हे उत्तर ऐकून पेटी, तंबोरा, गिटार माळ्यावर टाकणारी घरं आमच्या आदिलाबादेत मी पाहिली आहेत. हे थांबायला हवं.

बिघाड एवढासाच होता. गिटारीची वरची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड. सहा पोलादी तारा मिळून तिला ७० किलोच्या आसपास ताण देतात. तो सोसावा म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. हवा दमट झाली की फळी रुंदीत फुगते, कोरडी झाली की आक्रसते. तिच्यावर आडवी बसलेली पट्टी लांबीत मात्र जवळपास होती तेवढीच राहते. दोघींची ही ओढाताण मधला सांधा सोसतो आणि एक दिवस सुटतो. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो, थंडीत पहाटे कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो. त्यात नातीची गिटार टांगलेली होती कूलरसमोर! दिवसा कोरडी झळ, रात्रभर ओला वारा.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी दारं-खिडक्यांपलीकडे काही केलं नव्हतं. तरी ते बसले. तारा सैल केल्या, मोबाइलचा उजेड आणि दाढीचा आरसा आत धरला, बोटाच्या पेरानं फळी ठोकत गेले. एका जागी आवाज बदलला. पट्टीच्या टोकाखाली कागदाचा कपटा दोन बोटं आत सरकला. "सर, लाकूड शाबूत आहे, नुसता सांधा सुटलाय." पातळ पोलादी पट्टीनं त्यांनी फटीतला जुना डिंक खरवडला, धूळ फुंकून काढली, त्याच पट्टीवर लाकडाचा पांढरा डिंक घेऊन आत सारला. मग फळी वरून अलगद दाबत, सोडत राहिले, म्हणजे डिंक फटीच्या तळापर्यंत ओढला जातो. आत एक काडी उभी केली, तिच्या बुडाशी दोन पाचरी समोरासमोर सरकवल्या. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं टिपला. २४ तास कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या, जाड तार छेडली. आवाज स्वच्छ!

मिस्त्री पैसे घेईनात. म्हणाले, डिंक तर चमचाभर लागला. मी आग्रहानं दिले. डिंकाची किंमत चमचाभर असेल, कानाची आणि हाताची तेवढी नाही. दुरुस्तीला आपण मोल देत नाही, म्हणून दुरुस्त करणारा तयार होत नाही.

मिरजेकडे पाहा. सतार-तंबोऱ्याची ती पेठ शिकलगारांनी उभी केली, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या घराण्यांनी. हत्यारांचा हात वाद्यांकडे वळला, पिढ्यान्‌पिढ्या टिकला आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्यालाही तारेचं वाद्य परकं नाही. परधान समाजाची मंडळी किकरी या वाद्यावर गोंडांच्या देवांच्या कथा गात आली आहेत. सुतारकाम करणारे हातही इथं आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात पंधरा दिवस वाद्यदुरुस्तीला द्या. शाळांनी कपाटातल्या मोडक्या पेट्या, तबले त्या मुलांसमोर ठेवावेत. शेकडो किलोमीटरवरच्या कारागिराला आमचा कूलर दिसणार नाही. इथल्याला दिसेल, आणि वाद्य आधी तिथून हलवायला तो सांगेल.

नातीची गिटार आता आतल्या भिंतीवर आहे. मिस्त्रींनी ती काडी आणि पाचरी जपून ठेवल्या आहेत. गेल्या आठवड्यात भजनी मंडळाची भाता फाटलेली पेटी त्यांच्याकडे आली. या वेळी त्यांनी आधी मजुरी सांगितली. मला फार बरं वाटलं.