घरची अवजारे सार्वजनिक दप्तरी दाखल करण्याविषयी जाहीर आवाहन

पुण्यामुंबईत, नागपूर-नाशकात, पणजीत, त्याचप्रमाणे बंगळुरात आणि परदेशी संगणकाच्या व्यवसायात असलेल्या समस्त मराठी बंधुभगिनींस सविनय विनंती अशी की, स्वतःच्या सोयीसाठी आपण वेळोवेळी ज्या लहानसहान कमांड-लाइन प्रणाली लिहिल्या असतील, त्या लॅपटॉपच्या एखाद्या फोल्डरात अज्ञातवासात न ठेवता पायपीआय किंवा एनपीएम यांसारख्या सार्वजनिक पॅकेज-नोंदवहीत मुक्त परवान्याखाली रीतसर दाखल कराव्यात.

या विनंतीस मराठीपुरते एक विशेष कारण आहे. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्यास तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या हिशेबी तो पाच संकेतांचा ठरतो आणि यूटीएफ-8 पद्धतीने साठविला असता पंधरा बाइट व्यापतो; त्यामुळे परभाषेसाठी लिहिलेले मोजणीचे आणि रकाने जुळविण्याचे साहित्य आपल्या मजकुरापुढे वारंवार लटके पडते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो, दिसावयास दोन्ही सारखेच, परंतु एका रीतीने शोधले असता दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडत नाही, आणि युनिकोडचे ठराविक प्रमाणीकरणही या दोहोंस एक करीत नाही. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेली पुस्तके, दिवाळी अंक आणि संस्थांची इतिवृत्ते यांची अवस्था तर याहून बिकट, कारण तो फाँट हाताशी नसला की सारा मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी होऊन समोर येतो. या अडचणींवर ज्याने त्याने आपापल्या घरी तोडगा काढावा आणि तोच तोडगा शेजाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून शोधावा, हा बुद्धीचा अपव्यय आता पुरे झाला.

मात्र दाखल करणे म्हणजे फाइल चढवून मोकळे होणे नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदविल्यावर त्यातील मजकूर जसा मनास येईल तसा खोडता येत नाही, तद्वतच येथे एकदा वापरलेला आवृत्तिक्रमांक, ती आवृत्ती मागाहून काढून टाकली तरी, एनपीएमवर पुन्हा वापरता येत नाही. 2016च्या मार्चमध्ये एका ग्रंथकाराने, पॅकेजच्या नावावरून उद्भवलेल्या तंट्यात रुष्ट होऊन, एनपीएमवरील आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघी अकरा ओळींची एक प्रणाली होती, आणि तिच्यावर परंपरेने विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर काही तास अडून राहिले. त्यानंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. ज्या वस्तूवर अपरिचितांनी घर बांधले, तिच्यावरील आपले स्वामित्व पूर्वीइतके निरंकुश राहत नाही.

म्हणून दाखल करण्यापूर्वी काही तजवीज अवश्य करावी. 1957च्या भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियमात संगणक-प्रणालीची गणना वाङ्मयकृतीत होते, आणि नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, विपरीत करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. तेव्हा कंपनीच्या वेळात लिहिलेल्या प्रणालीस कंपनीची लेखी परवानगी घ्यावी, तोंडी होकारावर विसंबू नये. परवान्याची फाइल नसेल तर इतरांनी आपली प्रणाली वापरावी कोणत्या अधिकारात, हा प्रश्न उरतो, यास्तव एमआयटी, जीपीएल किंवा अन्य प्रचलित परवाना स्पष्ट नमूद करावा. पॅकेजच्या गाठोड्यात नेमके काय जात आहे हे ते पाठविण्याआधी उघडून पाहावे, कारण संकेतशब्दांची एखादी फाइल नजरचुकीने त्यात गेली आणि इतरांनी उतरवून घेतली, तर मागाहून पुसण्याने काही साधत नाही, ते संकेतशब्दच बदलावे लागतात. पायपीआयसाठी ‘टेस्टपायपीआय’ ही स्वतंत्र नोंदवही रंगीत तालमीकरिता उपलब्ध आहे, तिचा संकोच न करता उपयोग करावा. प्रणालीचे साहाय्यपत्र मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्हींत असावे. केवळ इंग्रजीत लिहिल्याने विद्वत्ता सिद्ध होते असा जो समज आपल्यात रूढ आहे, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

खात्याच्या रक्षणाविषयी मात्र विस्ताराने सांगणे भाग आहे. 2018 साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजच्या थकलेल्या ग्रंथकाराने, मदतीचा हात पुढे करणाऱ्या एका अनोळखी इसमाकडे सद्भावनेने सारा कारभार सोपविला, आणि त्या इसमाने बिटकॉइनची पाकिटे लुटणारी प्रणाली त्यात गुपचूप गोवली. मुखत्यारपत्र देताना माणसाची पारख आपण करतो. प्रकाशनाचा अधिकार देतानाही त्याची पूर्वीची कामे, त्याने सुचविलेल्या दुरुस्त्या आणि त्यांचा दर्जा काही काळ पाहावा. खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी, आणि दीर्घ मुदतीचे टोकन संगणकावर ठेवण्याऐवजी, पायपीआयने 2023 पासून सुरू केलेली, प्रत्येक प्रकाशनापुरती अल्पजीवी ओळख देणारी ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ व्यवस्था स्वीकारावी.

ज्यांस पुढे देखभालीसाठी सवड मिळणार नाही, त्यांनीही संकोचाने मागे राहू नये. वर्णनपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात देखभाल थांबविल्याचे तारखेसह लिहावे, कोणी हक्क मागावयास आल्यास त्यास मूळ प्रणालीची प्रत घेऊन निराळ्या नावाने पुढे चालविण्यास सांगावे, आणि आधी प्रकाशित झालेल्या आवृत्त्या आहेत तेथेच राहू द्याव्यात.